नीळ जास्त झालीय

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीकडे बघत ती म्हणाली, "नीळ जास्त झालीय गं." मी नीळ घातलीच नव्हती. आमच्या घरात नीळ येऊन कित्येक वर्षं झाली. मग तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "ह्या डोळ्याने निळसर पांढरी दिसते. ह्या डोळ्याने चहा सांडल्यासारखी. खरी कुठली?"

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या चित्रकाराला पडला होता. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. क्लोद मोनेचं नाव मुलांना कितीदा सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. पण त्याच्या कुमुदांच्या, म्हणजे वॉटर लिलींच्या, चित्रांमध्ये खरं काय चाललंय, ते मला आईच्या त्या चादरीमुळे उमगलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

मोनेबद्दलचं एक वाक्य हल्ली सगळीकडे फिरत असतं: त्याला मोतीबिंदू होता, म्हणून शेवटची चित्रं तशी धूसर आणि लालसर झाली. खाली शंभर जण 'अरे वा' म्हणतात आणि पुढे जातात. मला ह्या वाक्याचा मनापासून राग येतो. त्यातली वैद्यकीय माहिती खरी आहे. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. त्याच्या बागेतल्या तळ्यावरच्या जपानी पुलाची अखेरच्या वर्षांतली चित्रं तांबडी-तपकिरी आहेत, त्यात पूल शोधावा लागतो. पण तीस वर्षांच्या कामाचं श्रेय एका आजाराला देऊन टाकायचं, हा अन्याय आहे.

त्या माणसाने काय केलं ते बघा. १८८३ मध्ये तो जिव्हर्नी गावात राहायला आला. १८९० च्या सुमारास त्याने घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी रंगवायला घेतल्या. आपल्याकडे खळ्याशेजारी रचलेली असते तशीच गंजी. जवळजवळ पंचवीस चित्रं! सकाळची गंजी, बर्फातली गंजी, सूर्य मावळतानाची गंजी. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पहिला कॅनव्हास घ्यायचा. १८९१ मध्ये त्यातल्या पंधरा गंजी पॅरिसमध्ये एकत्र मांडल्या गेल्या. पुढे काही वर्षांनी त्याने तळ्याकडे तोंड केलं ते जवळजवळ मरेपर्यंत.

आणि तळं तरी आयतं कुठे होतं? १८९३ मध्ये त्याने रेल्वेरुळापलीकडची जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. ह्याच्या परदेशी वनस्पतींनी पाणी नासेल, अशी त्यांची भीती. रंगीत कुमुदं त्या काळात नवलाची होती. फ्रान्समधल्याच एका रोपवाटिकेने संकर करून गुलाबी, पिवळे, तांबडे वाण तयार केले होते आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांनी पहिल्यांदा पाहिले. मोनेने रोपं मागवली ती त्याच रोपवाटिकेतून.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुमुदाला फ्रेंचमध्ये 'नेन्युफार' असाही शब्द आहे. तो अरबी-फारसीतल्या 'निलुफर'वरून गेला आणि निलुफर आला आपल्या 'नीलोत्पला'वरून. नीळ इथेही आहेच. आणि कुमुद म्हणजे कमळ नव्हे. आपण दोन्हींना सरसकट कमळ म्हणतो. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, त्यावर थेंब मोत्यासारखा पळतो. कुमुदाचं पान पाण्याला चिकटून पसरतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. मोनेला हवं होतं ते हे पसरलेलं पान, कारण त्याच्या मधल्या जागेत आभाळ दिसतं.

त्या तळ्यासाठी एक माळी ठेवला होता. तो होडीतून फिरून पानांवरची धूळ काढायचा, सुकलेली पानं-फुलं खुडायचा. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या आणि धूळ पाण्यावर बसायला लागली, तेव्हा मोनेने स्वतःच्या पैशाने रस्त्यावर डांबर टाकून घेतलं. लोक म्हणतात, किती शांत चित्रं आहेत. त्या शांततेमागे रोजचं झाडणं-पुसणं आहे. निसर्ग दरवर्षी नवा होतो हे खरंच, पण त्या तळ्याला दरवर्षी कुणीतरी हाताने नवं करत होतं.

१९०८ मध्ये प्रदर्शनाची वेळ आली तेव्हा मनासारखं उतरलं नाही म्हणून त्याने किमान पंधरा कॅनव्हास नष्ट केले. प्रदर्शन पुढे गेलं. १९०९ मध्ये अठ्ठेचाळीस चित्रं लागली. १९११ मध्ये पत्नी अ‍ॅलिस गेली, १९१४ च्या सुरुवातीला थोरला मुलगा झाँ गेला. डोळे अधू झालेले. वय त्र्याहत्तर. आणि ह्याच वर्षी त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं: दोन मीटर उंचीचे, भिंतभर लांबीचे कॅनव्हास. त्यासाठी नवा स्टुडिओ बांधला. महायुद्ध सुरू झालं होतं, पण त्याने गाव सोडलं नाही. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याने पंतप्रधान असलेल्या मित्राला, क्लेमांसोला, पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. दोनाची पुढे बावीस झाली.

ह्या सगळ्या काळात त्याच्याजवळ ब्लांश होती. अ‍ॅलिसची मुलगी, म्हणजे त्याची सावत्र लेक, आणि झाँची बायको, म्हणजे सूनही. ती स्वतः चित्रकार होती. तरुणपणी त्याच्या शेजारी ईझल लावून रंगवायची. शेवटची बारा वर्षं तिने त्याचं घर आणि तब्येत सांभाळली. मोनेवर लिहिताना तिला एका ओळीत उरकतात. तिच्याशिवाय ही चित्रं पुरी झाली असती असं मला वाटत नाही.

आता डोळ्यांकडे येते. रंग धड ओळखू येईनात तेव्हा तो ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवरची ठरलेली जागा धरून रंगवायचा. हे वाचताना मला आई दिसते. गेली दोन-तीन वर्षं तिला तव्यावरची भाकरी नीट दिसत नव्हती. पण पाणी फिरवल्यावर कधी उलटायची ते तिला वासावरून कळायचं, आणि एकही भाकरी करपली नाही. ती भाकरी मोतीबिंदूने केली, असं कुणी म्हणेल का? साठ वर्षांच्या हाताने केली. तीस वर्षं ज्याने एकच पाणी बघितलं, त्याच्या हाताला पाणी पाठ झालेलं होतं. आमच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा. मोनेची शेवटची चित्रं माझ्या लेखी स्मरणचित्रंच आहेत, फक्त समोर बसून काढलेली.

१९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा आतासारखी आत बसवायची भिंगं नव्हती. मोतीबिंदू काढला की डोळा भिंगाविना राहायचा, वर जाड चष्मा. आपलं नैसर्गिक भिंग वय होईल तसं पिवळं पडतं आणि निळा उजेड अडवतं. ते काढलं की निळं भसकन आत येतं. मोनेची तक्रार हीच होती, सगळं निळं दिसतंय. त्याला रंगीत काचा द्याव्या लागल्या. आणि त्या नव्या डोळ्याने तो पुन्हा जुन्या कॅनव्हाससमोर उभा राहिला, काही सुधारले, काही फाडले. ५ डिसेंबर १९२६ ला तो गेला. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनांत ती चित्रं लागली.

परवाच्या दिवाळीत लेकीकडे गेले होते तेव्हा मी तिथे तीन तास बसले. वर छतातून खरा उजेड येतो. मध्यंतरी कित्येक वर्षं वरचा मजला बांधून तो बंद केलेला होता, २००६ पासून पुन्हा मोकळा आहे. बाहेर ढग आला की आत तळं काळवंडतं. विळख्यासारखी गोल भिंत, कुठे क्षितिज नाही, काठ नाही. मी अगदी जवळ गेले. हातभर अंतरावर पाणीबिणी काही नसतं. कोरड्या ब्रशने ओढलेला जांभळा, त्याखालून डोकावणारा आधीचा हिरवा, मध्येच कॅनव्हासची वीण. तेलरंगाच्या त्या थरांत वर्षं दिसतात. खालचा थर पुरता वाळल्यावरच वरचा असा खरखरीत बसतो, आणि वाळायला तो आठवडे घेतो. दहा पावलं मागे आले आणि पाणी हललं. बाकावर बसून मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

रडू मोनेसाठी जेवढं आलं तेवढंच एका मुलासाठी. नववीतला. निसर्गचित्र म्हटलं की तो दरवेळी बांधावरची एकच बाभूळ काढायचा. एकदा मी वर्गासमोर म्हणाले, "दुसरं काही सुचत नाही का रे तुला?" त्याने ती बाभूळ सोडली आणि मग इतर मुलांसारखे दोन डोंगर आणि मधला सूर्य काढायला लागला. मी त्याला चांगले मार्क दिले. ती चित्रं मी एका ओळीत लावून एकदाही बघितली नाहीत. बघितली असती तर कदाचित पहिल्या चित्रात शेंगा दिसल्या असत्या, तिसऱ्यात पिवळी फुलं, पाचव्यात सुगरणीचं घरटं. ही चूक माझी आहे आणि अजून शिकवणाऱ्या मैत्रिणींना हात जोडून सांगते, मूल पुन्हा पुन्हा एकच गोष्ट काढत असेल तर त्याला थांबवू नका.

फाल्गुनापासून मी अंगणातला देवचाफा रंगवते आहे. सुरुवात केली तेव्हा एक पान नव्हतं, नुसत्या बोटांसारख्या फांद्या आणि त्यांवर गळलेल्या पानांचे वण. आता चौथा कॅनव्हास लावलाय. हवेत दमटपणा आला आहे, जवसाचं तेल वाळता वाळत नाही, त्यामुळे तिसरा अजून भिंतीला उलटा उभा आहे. आई शेजारी खुर्ची टाकून बसते. तिच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आता. काल मी ब्रश धुवायला उठले तर म्हणाली, "त्या खालच्या फांदीला परवा दोन पानं होती. आज तिसरं फुटलंय बघ. तू दोनच काढलीस."