पारीवरची पटकथा

पटकथा लिहायला कुठं शिकावं हे ठरवायला मला चार महिने लागले. त्यातले दोन बोडीच्या पारीवर, म्हणजे धानाच्या तळ्याच्या बांधावर गेले, कारण आमच्या गावात नेटवर्क तिथंच येतं. माहितीपत्रक अर्धं उघडायचं, तेवढ्यात कुणाच्या तरी म्हशी धानात शिरायच्या आणि पारीवर रिकामा माणूस मी एकटाच असायचो.

म्हशी हाकता हाकता कळलं ते एवढं : पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था १९६० सालची, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ची. दोन्हीकडे आधी पदवी हवी, मग प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. बी.ए. झालेलं होतं, म्हणजे पदवी होती. मुंबईच्या खासगी संस्था बारावीवरही घेतात. फक्त फी.

बाबांनी त्या फीला धानाच्या पोत्यांनी भागलं. जमिनीवर, काडीनं.

"हे सालाची का जल्मभराची?"

"सालाची."

बाबा उठले आणि बैलांना चारा टाकतो म्हणून गोठ्यात गेले. बैल विकून दोन वर्षं झालीत.

कोलकात्याबद्दल आईनं एकच विचारलं, "तिथं खातेत का?" भात आणि मासे, म्हटलं. "मंग तिथंच जा." तिच्यापुरता विषय मिटला. गावातले बाकीचे सगळे बी.एड.वर ठाम होते.

राहिले मामाजी. ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की वडशाची कंपनी त्यांना उचलते ती होळीलाच परत आणून सोडते. नट अडला की मामाजी स्वतःच्या मनातलं वाक्य सरकवतात, आणि टाळी नेमकी त्यालाच पडते. (असं तेच सांगतात.)

मी त्यांना पटकथेचा हिशेब समजावला : एक पान म्हणजे साधारण एक मिनिट.

"आमचं नाटक राती दहाले सुरू होते अन् पहाटे पाचले सुटते. म्हंजे किती पानं?"

"चारशे वीस."

"भासा, हा आकडा बरा नाही."

मग म्हटलं, प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र, हे लिहावं लागतं. मामाजींनी आमच्या छपरीकडे पाहिलं. वर कौलं, तीन बाजू उघड्या, खाटेवर आजोबा, खाटेखाली कोंबडी. "हे आत का बाहेर?" मला अजून सांगता आलेलं नाही. "अन् दिवस-रातीचं सोपं हाये. लाइट गेली की रात."

पण निकाल त्यांनीच दिला. "पुन्या-मुंबईचे नट आमच्या इथं येतेत ना? तू पुन्याले जा. फिट्टमफाट."

शेवटच्या तारखेला, रात्री अकरा वाजता, पारीवर उभा राहून पुण्याच्या परीक्षेची फी भरत होतो. स्क्रीनवर चकरी फिरत राहिली. मागून बाबा टॉर्च घेऊन आले.

"गेले का पैसे?"

"आपल्याकडून गेले. तिकडे पोचले नाही."

बाबांनी टॉर्च बंद केला आणि शेजारी बसले. "धान विकल्यावर आपल्याले असंच होते," म्हणाले, "फक्त उलटं."