‘सोडवून दाखवा’ बटन कसं बसवावं

सुडोकूचं अ‍ॅप काढताय? काढा काढा, सगळ्यांनीच काढलंय. फक्त आपोआप सोडवून देणारं बटन टाकायला विसरू नका, आणि ते कसं टाकायचं ते माझ्याकडून ऐका, कालच ताजा प्रसाद मिळालाय.

बटन ‘मागे घ्या’च्या अगदी खेटून ठेवा. ‘नक्की ना?’ वगैरे विचारू नका.

दाबलं की आधी जाहिरात, मग ८१ घरं भरा, फटाके उडवा आणि ‘नवा विक्रम’ म्हणून नोंद करा.

इथे ७ च का, हे चुकूनही सांगू नका. लोक शिकले तर बटन कोण दाबणार?

आता मेन सल्ला. कोड्याला उत्तर एकच आहे का हे तपासत बसू नका, भरलेला चौकोन घ्या आणि आकडे उडवत सुटा, जितके कमी तितकं ‘महाकठीण’. डब्लिनच्या गॅरी मॅक्ग्वायर यांच्या टीमने २०१२ मध्ये कॉम्प्युटर राबवून दाखवून दिलं की १७ पेक्षा कमी आकडे दिले तर एकमेव उत्तर असूच शकत नाही, पण तुम्ही बिनधास्त १६ द्या, त्यांना काय कळतंय! मग कोणीतरी रात्री जागून शेवटच्या चार घरांपाशी येईल, दोन आडव्या ओळी, दोन उभ्या, दोनच चौकटी, ४ आणि ९ कसेही फिरवा दोन्हीकडून बसतात, तो बिचारा एक जोडी भरेल, परत परत बघेल, कुठेही एक आकडा दोनदा नाही, आणि तुमचं अ‍ॅप लाल होऊन म्हणेल चूक, एक लाइफ गेली, उत्तर बघायचंय? आणि उत्तर काय, तर तेच ४ आणि ९ उलटे! अरे पण माझं चुकलं कुठे ते तरी सांग ना!

फ्रीसेल, तो पत्त्यांचा खेळ, काढलात तर विंडोजवाला ११९८२ नंबरचा डाव घ्याच. तो सुटतच नाही, हिंट भरपूर खपतील.

बास झालं. सोडवणारा प्रोग्रॅम आधी तुम्ही चालवायचा असतो, कोडं आमच्या हातात द्यायच्या आधी. एक उत्तर सापडलं म्हणून थांबायचं नाही, पुढे शोधायचं, दुसरं निघालं तर उडवलेला आकडा परत टाकायचा. हे बॅकट्रॅकिंग, म्हणजे आकडा टाकून बघायचा आणि अडलं की मागे येऊन दुसरा टाकायचा, कॉलेजची पोरं लिहितात. सायमन टॅथम या प्रोग्रॅमरच्या कोड्यांच्या संग्रहात ‘सॉल्व्ह’ आहेच की, सुडोकूला उत्तरही एकच असतं, आणि सगळं फुकट. तुम्ही महिन्याचे पैसे घेता, सदोष कोडं देता आणि वर चूक आमची काढता. लाज वाटू द्या जरा.