साबळेचं उदाहरण विसरलात

'मुलांचा खेळातला एक प्रकार दहाव्या-बाराव्या वर्षीच पक्का करा' हे तुमच्या लेखातलं म्हणणं जिम्नॅस्टिक्सला चालेल, लांब पल्ल्याच्या धावण्याला नाही. आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे बघा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशी पोस्टिंगं. धावायला लागला तो 2015 मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर, आणि तेही क्रॉस कंट्री. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्यावरून उड्या घेत धावायची 3000 मीटरची शर्यत, त्याच्याही नंतर!

2018 मध्ये भुवनेश्वरला स्टीपलचेस 8:29.80 मिनिटांत धावून त्यानं गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी दोह्यात 8:21.37. वर्षभरात आठ सेकंद! मग 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगला 8:09.91.

आता हे 'अचानक' म्हणायचं का? मला नाही वाटत. लहानपणी शाळेला रोजची सहा किलोमीटरची पायपीट, नंतर फौजेतली मेहनत. दम आधीच तयार होता. 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या कशा घ्यायच्या हे तंत्र तेवढं राहिलं होतं, आणि तंत्र विशीनंतरही शिकता येतं. (प्रत्येकाला साबळेसारखं जमेल असं म्हणत नाही. अंगची देणगी लागतेच.)

आमच्या मैदानावर मात्र सहावीतल्या पोरांना स्टॉपवॉच लावून पळवणारे पालक रोज दिसतात. दहावीपर्यंत त्यातली निम्मी गुडघे धरून बसलेली असतात.

आणि बर्मिंगहॅमच्या 2022 मधल्या राष्ट्रकुल स्पर्धेचा उल्लेखही हवा होता. राष्ट्रकुलात 1998 पासून तोवर स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाचीच. साबळेनं रौप्य घेतलं, सुवर्ण हुकलं 0.05 सेकंदानं.