पूलच्या किटवर फिश टँकचं पाणी तपासावं का? पाथर्डी फाट्याच्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण घाईत काहीतरी लिहिण्यापेक्षा सकाळी नीट लिहू म्हटलं. तुमचं म्हणणं असं की स्विमिंग पूलचं टेस्ट किट टँकला वापरू नका हे मी लिहिलं ते चूक आहे, तुम्ही २ वर्षं सोसायटीच्या पूलचंच किट वापरताय, एक मासा दगावला नाही, पीएच शेवटी पीएचच असतो आणि आम्ही लोक नवख्यांना उगाच खर्चात पाडतो.

पीएचचं तुमचं बरोबर आहे. पूलच्या किटमधलं ते लाल औषध म्हणजे फेनॉल रेड, ते साधारण ६.८ ते ८.२ पर्यंत व्यवस्थित दाखवतं आणि नाशिकला माझ्या घरच्या नळाचं पाणी त्याच पट्ट्यात येतं. त्याखाली मात्र सगळं पिवळंच दिसतं, ६.५ आहे की ६ काही कळत नाही. अल्कलिनिटीचंही (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तसंच, पूलच्या किटवर ९० पीपीएम (लिटरमागे ९० मिलिग्रॅम) आलं तर १७.९ ने भागायचं, म्हणजे केएच, टँकवाले अल्कलिनिटी ज्या मापात सांगतात ते, ५ च्या आसपास. त्यामुळे "अजिबात वापरू नका" हे मी जरा जास्तच बोललो, ती ओळ आजच दुरुस्त करतो. हार्डनेसला मात्र जपून, पूलचं किट बहुधा फक्त कॅल्शियम मोजतं आणि आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमही असतं, ते त्यात धरलंच जात नाही.

आता क्लोरीन. गावाकडे जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा माणूस, टाकीच्या पाण्याची क्लोरीनसाठी ओटी टेस्ट करतो ना, पिवळा रंग आला की टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलंय असं समजतात, बऱ्याच पूल किटमध्ये तेच औषध असतं. पूलला १ ते ३ पीपीएम क्लोरीन लागतं, पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ हवं, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी सतत संपर्काची मर्यादा धरलीय ०.०११. एवढंसं क्लोरीन त्या रंगपट्टीवर डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून नळी पांढरी दिसली तरी अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, टाकायचंच. पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढलं आणि नळाला क्लोरीनचा वास यायला लागला की तर नक्कीच. आणि ते टेस्ट केलेलं पाणी चुकूनही टँकमध्ये परत ओतू नका, ते औषध विषारी आहे.

पण माझा खरा जीव अडकलाय तो अमोनियात. ३ वर्षांपूर्वी सिडकोत बहिणीकडे भाचीसाठी २ फुटी टँक लावला, ४ गोल्डफिश सोडले, आणि पाणी तपासलं ते पूलच्याच किटवर. पीएच ७.८, क्लोरीन शून्य, सगळं ओके. पाचव्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत. जाऊन बघतो तर कल्ले लालभडक, एक तळाशी आडवा पडलेला. पूलचं किट पुन्हा लावलं, पुन्हा ओके! दुकानातून अमोनियाचं किट आणलं, नळी पांढऱ्या कागदापुढे धरून खिडकीत उभा राहिलो आणि पिवळ्याचा रंग बघता बघता गडद हिरवा झाला, म्हणजे अमोनिया भरपूर. ४ पैकी १ वाचला. भाची विचारत होती मामा तू तर पाणी चेक केलं होतंस ना, आणि मी केलं होतंच की.

माशाच्या विष्ठेतून नि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचा आधी नायट्राइट नि मग नायट्रेट करतात, आणि नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. पूलमध्ये जिवाणू मारायचे असतात, आपल्याला ते पाळायचे असतात, म्हणून पूलच्या किटमध्ये अमोनिया-नायट्राइटची बाटलीच नसते. तुमचे मासे २ वर्षं टिकले ते फिल्टर मुरलाय म्हणून आणि तुम्ही पाणी वेळेवर बदलता म्हणून, किटमुळे नाही. त्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो, पीएच ८ झाला की २५ डिग्रीला तोच ५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या किटवरचा पीएच कामाचाच आहे, पण शेजारी अमोनियाचा आकडा असला तरच त्यावरून काही ठरवता येतं.

खर्चाचं म्हणाल तर मास्टर किट (सगळ्या टेस्ट एकत्र असलेलं) नका घेऊ, पटलं मला ते. पीएच आणि केएचला तुमचं पूलचं किट ठेवा आणि नव्या माणसाला फक्त अमोनिया नि नायट्राइटच्या सुट्ट्या बाटल्या घ्यायला सांगा, पहिला महिना-दीड महिना दिवसाआड तपासायचं, अमोनियाच्या नळीचा रंग हिरवा दिसला की खाणं बंद, अर्धं पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. "पूलचं किट पुरतं" एवढंच वाक्य वाचून कुणी उद्या नव्या टँकमध्ये ६ मासे सोडेल, मला भीती त्याची आहे दादा.

कधी गंगापूर रोडला आलात तर तुमच्या टँकचं पाणी छोट्या बाटलीत आणा, माझ्या किटवर दोघं मिळून बघू, आणि जो आकडा येईल तो मी इथेच खाली टाकतो.