मावशींचं वजन

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे गुडघे फार दुखायला लागले, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. काट्यावर ७८ किलो भरलं. "भात-बटाटा बंद, तेल कमी, फळं खा, रोज पाऊण तास चाला." दोन मिनिटांत आम्ही बाहेर. चोरी पकडली गेल्यासारखी मावशींनी मान खाली घातली होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पहाटे साडेचारला उठून त्या पाणी भरतात, घरचे डबे करतात, मग सहा घरच्या पोळ्या. प्रत्येक घरी साखरेचा चहा, कारण पोटात दुसरं काही नसतं. दुपारी दोनला रिक्षा स्टँडजवळचा वडापाव. तेवढ्या पैशांत एक धड सफरचंद येत नाही, आणि आलं तरी त्यावर पुढच्या दोन घरांची कणीक मळली जात नाही. वर आपण काय देतो? उरलेला केक, दिवाळीतले शंकरपाळे. "घेऊन जा मावशी, आमच्याकडे कुणी खात नाही." मीही दिलेत, कितीतरी वेळा.

चालायचं कुठे? त्यांच्या गल्लीत समोरून माणूस आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. काम संपतं तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात.

रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ च्या जानेवारीपासून फुकट. त्याने चूल पेटते, हे मी कमी लेखत नाही. पण ते धान्य म्हणजे मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, शेंगदाणे, भाजी खिशातून. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. गरिबाचा सण म्हणजे साखर आणि पामतेल, असं ठरवलं कुणी?

मावशी बाहत्तरच्या दुष्काळातल्या. आई खडी फोडायला जायची, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी खाऊन दिवस काढले, असं त्या सांगतात. हे ऐकलं की मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आठवतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी दिसतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. आईच्या पोटातल्या उपासमारीचा हिशेब पन्नाशीत असा पुढे येतो, आणि आपण त्या बाईला म्हणतो, तोंडावर ताबा ठेव.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन जास्त असलेल्या बायका २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४. चार-पाच वर्षांत इतक्या बायका आळशी झाल्या का?

परत येताना रिक्षात मावशी म्हणाल्या, "वडापाव सोडते ताई, पण मग दोनला खाऊ काय?"

सहा घरं त्या हौसेने धरत नाहीत. तेवढेच पैसे चार घरांत मिळाले, तर दुपारी घरी जाऊन वरण-भाकरी खाता येईल. पोळ्यांचे दर वाढवायचं मी सोसायटीच्या ग्रुपवर काढलंय. आतापर्यंत दोघींनी हो म्हटलंय.