नव्या चालकाचा विमा आणि वडिलांच्या नावावरची गाडी

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, मुलामुलींच्या हाती नुकतेच लायसन्स आले आहे अशा पालकांसाठी, एक संदेश फिरत आहे. पंचवीस वर्षांखालच्या नव्या चालकाला विमा कंपन्या दुप्पट प्रीमियम लावतात, म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घ्यावी, त्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) त्या गाडीला लावून घ्यावा आणि आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) शक्य तितकी खाली ठेवावी किंवा सरळ थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या नुकसानीपुरत्या विम्यावर, भागवावे, असा त्याचा आशय आहे. माझ्या भाचीसाठी गाडी बघत असताना तिच्या वडिलांनी तो मला वाचून दाखवला. पैसे वाचवण्याच्या नावाखाली त्या मुलीलाच उघड्यावर टाकणाऱ्या सूचना त्यात आहेत, आणि म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

दुप्पट प्रीमियमची गोष्ट मुळात ब्रिटन-अमेरिकेतली आहे. तिथे दर ठरवताना चालकाचे वय आणि अनुभव पाहतात, त्यामुळे तरुणांना विमा खरोखरच खूप महाग पडतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो केंद्र सरकार ठरवते, आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. मालक एकोणीस वर्षांचा असो की साठ वर्षांचा, आकडा तोच.

राहिला ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. त्याचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोपवले आहेत, त्यामुळे एखादी कंपनी मालकाचे वय विचारात घेऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याआधीच्या ज्या जुन्या टॅरिफच्या (ठरवून दिलेल्या दरपत्रकाच्या) पायावर हा हिशेब उभा आहे, त्यात गाडीची किंमत, सीसी, गाडीचे वय आणि नोंदणीचे ठिकाण एवढेच पाहिले जाते. मुंबई-पुणे ‘अ’ विभागात आणि उरलेला महाराष्ट्र ‘ब’ विभागात, इतकाच भेद आहे. शिवाय नेहमीच्या पॉलिसीत वैध लायसन्स असलेला कोणीही गाडी चालवू शकतो, नव्या चालकाचे नाव वेगळे घालावे लागत नाही. म्हणजे ज्या वाढीव खर्चाच्या धास्तीने पुढचे सगळे उपाय सुचवले आहेत, तो खर्च बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. मनात शंका असेल तर एकाच गाडीसाठी दोन्ही नावांनी कोटेशन मागवून पाहावे.

गाडी वडिलांच्या नावावर घेण्याची सूचना मला सर्वांत काळजीची वाटते. पॉलिसीबरोबर येणारे १५ लाख रुपयांचे सक्तीचे अपघात संरक्षण ‘ओनर-ड्रायव्हर’साठी, म्हणजे नोंदणीकृत मालक स्वतः लायसन्सधारक असेल तर त्याच्यासाठी असते. आरसीवर वडिलांचे नाव आणि स्टिअरिंगवर मुलगी, अशा स्थितीत तिला इजा झाली तर त्या १५ लाखांतले तिला काही मिळत नाही. थर्ड पार्टीतून मिळेल, असे कोणी म्हणेल. परंतु मालकाची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, तिसरा पक्ष ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घेतली आणि २०२० मध्येही तीच कायम ठेवली. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विम्याकडे दाद मागता येते, पण सी लिंककडे जाताना गाडी एकटीच दुभाजकावर आदळली तर घरच्यांच्या हाती काय उरते, याचा विचार या संदेशात कुठेही नाही.

कर्ज वडिलांचे आणि गाडीही खरोखर त्यांचीच असेल तर ती त्यांच्या नावावर असण्यात काहीच गैर नाही. शिकणाऱ्या मुलांच्या घरी बहुधा तसेच असते. मात्र तेव्हा मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यायलाच हवी.

नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, आणि तो फक्त ओन डॅमेजच्या रकमेवर मिळतो: पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. वडिलांनी जुनी गाडी विकून तो बोनस स्वतःच्या नव्या गाडीला लावला तर ते रास्त आहे. जुनी गाडी चालू ठेवून तोच बोनस दुसरीलाही लावणे किंवा वडील हयात असताना मुलीच्या गाडीला लावणे नियमात बसत नाही, आणि खोटी माहिती दिल्याचे उघड झाले की क्लेमच अडतो.

आयडीव्ही कमी करण्याचा हिशेब सोपा आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या नव्या गाडीला जुन्या टॅरिफचा ‘अ’ विभागातला दर ३.२८३ टक्के आहे. म्हणजे आयडीव्ही एक लाखाने उतरवली तर फार तर ३,२८३ रुपये वाचतात, आणि आज त्या दरावर मिळणारी सूट धरली तर त्याहूनही कमी. गाडी चोरीला गेली तर मात्र हातात एक लाख कमी येतात.

नुसती थर्ड पार्टी बारा-तेरा वर्षांच्या सेकंडहँड गाडीला पुरेशी ठरू शकते. नव्या गाडीला ती पुरत नाही, आणि मुंबईत तर नाहीच, कारण पावसात अंधेरी सबवेजवळ किंवा हिंदमाताला पाण्यात अडकलेल्या गाडीचा एक रुपयाही तीतून मिळत नाही. पूर्ण पॉलिसीतसुद्धा पाणी शिरलेले इंजिन पुन्हा सुरू करून बिघडवले तर बहुधा क्लेम नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण (ॲड-ऑन) वेगळे घ्यावे लागते.

नव्या हाताचे अपघात बहुतेक वेळा पार्किंगमधल्या खांबाशी होतात आणि त्यात बंपर जातो. बंपर प्लास्टिकचा असल्याने साध्या पॉलिसीत त्याच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे झिरो डेपवर, म्हणजे असा घसारा न कापणाऱ्या ॲड-ऑनवर, खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. बचत दुसरीकडे करता येते. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम केला की बोनस शून्यावर येतो, तेव्हा तो खर्च खिशातून करणे परवडते. आठवडाभर लोकलने जाऊन रविवारीच गाडी काढणाऱ्यांसाठी, वापरलेल्या किलोमीटरवर आधारलेल्या ॲड-ऑनला विमा नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. तीन-चार कंपन्यांचे दर एकाच आयडीव्हीवर आणि त्याच ॲड-ऑनसह मागवले तरच तुलना खरी होते.

भाचीची गाडी शेवटी सेकंडहँड घेतली, तिच्याच नावावर. आरसी बदलल्यावर पॉलिसीही १४ दिवसांच्या आत तिच्या नावावर करून घेतली, कारण थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे जाते, ओन डॅमेज जात नाही. विकणाऱ्याचा ३५ टक्के बोनस त्याच्याकडेच राहिला, त्याचा फरक तिला भरावा लागला. अपघात संरक्षणाच्या रकान्यात आता तिचे स्वतःचे नाव आहे.