नवा कोच हवाय? आधी जुन्याला नारळ द्या

बास्केटबॉल संघाच्या नव्या मुख्य कोचचा शोध सुरू होतो तो जुन्याला घालवण्यापासून, आणि बरेच संघमालक इथंच कच खातात. मोसम संपू दे, प्लेऑफ म्हणजे शेवटची बाद फेरी होऊ दे, मग बघू, म्हणत बसतात. तुम्ही तसं करू नका. २०२५च्या एप्रिलमध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हरनं कोच मायकल मलोनला काढलं तेव्हा नियमित मोसमातल्या ८२ सामन्यांपैकी फक्त ३ उरले होते. दोनच वर्षांपूर्वी त्यानं संघाला इतिहासातलं पहिलं एनबीए अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, पण ते कुणी मध्ये येऊ दिलं नाही.

हरणाऱ्या कोचला काय, कुणीही काढेल. कसब लागतं ते जिंकणाऱ्याला काढायला. २०१६च्या जानेवारीत क्लीव्हलंडनं डेव्हिड ब्लॅटला घरी पाठवलं तेव्हा संघ ३० जिंकून ११ हरलेला, पूर्व विभागात पहिला. त्याच मोसमात नवा कोच टायरॉन लूच्या हाताखाली ते विजेतेही ठरले, त्यामुळे हा दाखला कायम खिशात ठेवा. टोरंटोनं २०१८च्या मे महिन्यात ५९ विजय मिळवून देणाऱ्या ड्वेन केसीला काढलं आणि जूनमध्ये त्याच केसीला वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून पुरस्कार मिळाला. मतं नियमित मोसमावर पडतात, निकाल प्लेऑफनंतर लागतो, त्यातून हा घोळ होतो. तेव्हा हकालपट्टीआधी पुरस्कार सोहळ्याची तारीख तेवढी बघून घ्या. पुढच्या वर्षी टोरंटो विजेतं झालं, ते नवा कोच निक नर्स आला म्हणून, असंच सांगायचं. मधल्या उन्हाळ्यात स्टार खेळाडू कवाय लेनर्डही संघात आला होता, हे ज्याला आठवायचं त्याला आठवू दे.

जागा रिकामी करण्याआधी दुसरा माणूस मिळतोय का, हे बघायची गरज नाही. न्यूयॉर्क निक्स २०२५ मध्ये पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले आणि ती हरल्यावर चारच दिवसांत टॉम थिबडोला निरोप दिला गेला. मग एकेका संघाच्या दारात जाऊन ‘तुमच्या कोचशी बोलू का’ अशी विचारणा सुरू झाली. करारात असलेल्या कोचशी बोलायचं तर त्याच्या संघाची परवानगी लागते, आणि आपला चांगला कोच कोण कशाला सोडेल? नकार आले. शेवटी नेमला माइक ब्राऊन, जो त्या वेळी मोकळाच होता, कारण सॅक्रमेंटोनं त्याला आदल्या डिसेंबरात काढलं होतं.

उमेदवार निवडायचा निकष सोपा आहे: आधीच्याच्या नेमका उलटा. तो कडक होता तर आता खेळाडूंचा लाडका आणा. लाडक्यामुळे शिस्त गेली की पुन्हा कडक. संघात धड रिबाउंड घेणारा, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणारा, नाही, बेंचवरून कुणी गुण करत नाही, असल्या किरकोळ बाबी या फेऱ्यात आपोआप विसरल्या जातात.

कोचिंगचा अनुभव नसलेला माजी खेळाडू मिळाला तर फारच उत्तम. कुणी शंका काढली तर स्टीव्ह करचं नाव घ्या: २०१४ मध्ये कधीही कोच नसलेला माणूस गोल्डन स्टेटनं नेमला आणि पहिल्याच मोसमात ६७ विजय आणि अजिंक्यपद. त्याआधी तो फिनिक्सचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू आणि कोच निवडणारा, होता, फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच या दोन नामांकित कोचकडे खेळला होता, आक्रमणासाठी त्यानं ॲल्विन जेंट्री आणि बचावासाठी रॉन ॲडम्स असे मुरलेले सहायक घेतले होते, आणि करी, थॉम्पसन, ग्रीन हे खेळाडू आधीपासून संघात होते, एवढं मात्र बोलायचं नाही.

जेसन किडचं नावही टाळा. ब्रुकलिननं २०१३ मध्ये तो खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर दहा दिवसांच्या आत त्याला कोच केलं. नोव्हेंबरात लेकर्सविरुद्ध शेवटच्या सेकंदांना टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून संघाशी बोलायची संधी, शिल्लक नव्हता. किडच्या हातात शीतपेयाचा ग्लास. त्यानं आपल्याच खेळाडूला येऊन धडकायला लावलं, पेय कोर्टवर सांडलं, फरशी पुसेपर्यंत खेळ थांबला आणि तेवढ्यात सहायकानं डाव आखून घेतला. डाव फसला, सामना गेला, वर ५०,००० डॉलरचा दंड.

आता मुलाखत. ‘तुमचं तत्त्वज्ञान काय’, ‘संघात कोणती संस्कृती रुजवाल’ असे प्रश्न विचारा, कारण त्यांचं उत्तर चुकत नाही. उमेदवार रंगीत स्लाइड दाखवेल, ‘वेगवान खेळ’ आणि ‘जबाबदारी’ हे शब्द येतील, सगळे माना डोलावतील. पण त्याच्या हातात खडू आणि फळा देऊ नका. आठ सेकंद उरलीत, एका गुणानं मागे आहोत, चेंडू साइडलाइनवरून आत द्यायचाय आणि समोरच्यांनी पहिला पास तोडला तर दुसरा पर्याय कुठला, असं विचारलंत की निम्मे उमेदवार गळतील आणि तुमच्या मनातला गडी बहुधा त्या निम्म्यातच असेल.

पिक अँड रोलचा विषय तर काढूच नका. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, ड्रिबल करत येतो, त्यांचा सेंटर, म्हणजे उंच गडी, स्क्रीन लावतो, म्हणजे तुमच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. तुमच्या सेंटरनं मागे रिंगजवळ थांबायचं, वर चढायचं, की स्विच करायचं, म्हणजे साथीदाराशी आपला प्रतिस्पर्धी बदलून घ्यायचा? मागे थांबला तर गार्डला मोकळा शॉट. वर चढला तर पाठीमागे रिंग उघडी. मग मदतीला कोपऱ्यातून कोण येणार आणि त्यानं सोडलेल्या शूटरकडे कोण धावणार? हे प्रश्न उमेदवाराला विचारले की पाठोपाठ आपल्याकडे असे धावणारे पाय आहेत का, हा प्रश्न तुमच्यावर येतो, आणि तो अडचणीचा.

मिलवॉकीनं २०२३ मध्ये ही अडचण छान टाळली. जूनमध्ये एड्रियन ग्रिफिनला नेमलं आणि सप्टेंबरअखेर सरावशिबिर तोंडावर असताना स्टार गार्ड डेमियन लिलर्डला आणण्यासाठी संघातला सर्वांत चिवट बचावपटू जरू हॉलिडे देऊन टाकला. ग्रिफिननं सेंटर ब्रूक लोपेझला वर चढून बचाव करायला लावलं. थोड्याच सामन्यांत तो पुन्हा रिंगजवळच्या जुन्या जागी. मोसमाआधीच अनुभवी सहायक टेरी स्टॉट्स सोडून गेला होता. जानेवारीत ३० विजय, १३ पराभव अशा स्थितीत ग्रिफिनही गेला. त्याच्या जागी आलेल्या डॉक रिव्हर्सनं नियमित मोसमातले आपले सामने १७ विजय, १९ पराभव असे काढले.

बैठकीत कुणीतरी सॅन अँटोनियोचं उदाहरण देईलच. १९९६ मध्ये संघ ३-१५ असताना पॉपोविचनं बॉब हिलला काढून स्वतः सूत्रं घेतली, मोसम संपला २०-६२ वर, तरी पुढे टिम डंकनसारखा खेळाडू मिळाला आणि ५ अजिंक्यपदं आली. तर सांगा की ती गोष्टच वेगळी. पॉपोविच तेव्हा जनरल मॅनेजरही होता, म्हणजे कोचला काढायचं काम ज्याच्याकडे, तोच कोच.

राहिला करार. तो लांबलचक आणि पूर्ण हमीचा करा, विश्वास दिसतो. डेट्रॉइटनं २०२३ मध्ये मॉन्टी विल्यम्सला ६ वर्षांसाठी ७.८५ कोटी डॉलर कबूल केले. पहिल्याच मोसमात संघ ओळीनं २८ सामने हरला, एकूण १४ जिंकले, ६८ गमावले, आणि विश्वास तिथंच संपला. हमीचे पैसे मात्र कोच गेला तरी द्यावे लागतात. त्याची काळजी नको. सॅलरी कॅप, म्हणजे पगारखर्चाची मर्यादा, खेळाडूंच्या पगाराला असते, कोचच्या पगाराला नसते. एकाच वेळी तीन कोच पगारावर ठेवलेत तरी लीग काही विचारत नाही.